पितळी पाटी खरी, लेथ बनावट

लाकूडकामाचे जुने लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायची यंत्रं, हुडकायचे, मापं घ्यायची, फोटो काढायचे आणि वहीत नोंद करायची, हे मी अकरा वर्षं करतोय. तरीही फसलो. जुन्या यंत्राच्या व्यवहारात असाल तर हे वाचाच.

पुण्याच्या जुन्या बाजारातल्या ओळखीतून एका विक्रेत्याचा फोन आला. "काका, १९१२चा इंग्लिश लेथ आहे, रेल्वेच्या लिलावातला. परवा मुंबईची पार्टी बघायला येतेय." गोदामात उजेड कमी होता. बिडाचा लांब बेड, म्हणजे यंत्राचा पाया, लाकूड फिरवणारा गंजलेला हेडस्टॉक आणि त्यावर लेस्टरच्या वाडकिन कंपनीची पितळी पाटी. १८९७ साली सुरू झालेली, पॅटर्न शॉपच्या, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या कारखान्यांच्या, यंत्रांसाठी नावाजलेली ही कंपनी. पाटी पाहिली आणि मी बाकीचं पाहायचं सोडलं. ८५,००० रुपये दिले, टेम्पोचे ९,००० वेगळे. घरी आणण्याआधीच वहीत नोंद केली आणि विक्रेत्याने मागितली म्हणून तिची प्रतही त्याला पाठवली.

साफ करायला खोलला तेव्हा प्रत्येक नटाला १९ मिलिमीटरचा पाना चपखल बसू लागला. त्या काळच्या इंग्लिश यंत्राला व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाचे आटे हवेत, अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२. भारतात मेट्रिक मापांचा कायदाच १९५६चा. बोल्ट कुणी नंतर बदलले असतील, असं मनाला समजावलं. मग बेडमधल्या भोकांना आटे मोजायचा गेज लावला. दोन आट्यांमधलं अंतर पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे मेट्रिकच. बोल्ट बदलता येतो हो, पण बिडात पाडलेले आटे पहिल्या दिवसापासूनचे असतात. सांगाडा नव्याने ओतून, वर गंज चढवला होता. हत्यार टेकवायच्या टूल रेस्टवर पटाशीचा एक ओरखडा नाही. पाटी मात्र खरी, भंगारात गेलेल्या दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्राची, आणि ती बसवलेली चार स्टार स्क्रूंनी. हे स्क्रू बाजारात आले १९३०च्या दशकात. माझ्याच फोटोत ते स्पष्ट दिसतात.

विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. बिल नव्हतं, रक्कम रोख दिलेली. पोलिसांत अर्ज दिलाय.

पैशाचं दुःख आहेच, पण खरा घाव नंतर बसला. महिन्याभराने कोल्हापूरहून एका सुतारकाम शिकवणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. त्यांनी तसाच लेथ घेतला होता, कारण विक्रेत्याने त्यांना माझ्या सहीची नोंद दाखवली होती. तुमचं नाव पाहिलं आणि निर्धास्त झालो, असं म्हणाले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी एवढंच विचारलं, "बेडच्या नटाला कुठला पाना लागतो, पाहता का?"

ते फोन चालू ठेवून गेले. परत येऊन म्हणाले, "१९चा. का हो?"

वहीतल्या त्या पानावर मी लाल शाईने 'बनावट' लिहिलंय. पान फाडलेलं नाही.