ट्रेबल कमी करणारा "डबा": माझे १८,५०० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

कोल्हापूर-सांगली भागात ज्यांच्या घरी चांगली साउंड सिस्टिम आहे त्यांनी हे वाचाच, कारण ट्रेबल, म्हणजे गाण्यातला बारीक टोचरा आवाज, कमी करतो म्हणून नुसते डबे विकणारा माणूस अजून फिरतोय.

आमचं घर शिवाजी पेठेत. वरचा हॉल नवीन बांधलाय, खाली टाइल्स, एका बाजूला अख्खी काचेची स्लायडिंग, भिंती कोऱ्या. तिथं मी सेकंडहँड बुकशेल्फ स्पीकर आणून लावले, ८ ओहमचे, मेटल डोमचा ट्विटर (बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर). विकणाऱ्याच्या घरी ऐकले तेव्हा मस्त वाटले होते, पण त्याच्याकडं गालिचा, सोफे, जाड पडदे होते हे तेव्हा लक्षातच आलं नाही. आमच्याकडं लावले आणि लताबाईंचा प्रत्येक "स" कानात टोचायला लागला, झांजा नुसत्या चरचर. बाबा इथल्या देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या मैफिली ऐकत म्हातारे झालेले, ते पंधरा मिनिटांत म्हणायचे, "बंद कर बाळा, डोकं दुखायला लागलं." सिस्टिम त्यांच्यासाठीच घेतलेली, म्हणून मला ते फार लागायचं.

मग एका ओळखीच्यानं या माणसाचा नंबर दिला. घरी आला, अगदी गोड बोलणारा, म्हणाला तुमच्या वायरमधून हार्शनेस, म्हणजे टोचरेपणा, येतोय, माझा फिल्टर लावा. दोन काळे अ‍ॅल्युमिनियमचे डबे काढले, साबणाच्या वडीएवढे, पण हातात घेतले तर चांगलेच जड. सोबत चांदीचा मुलामा दिलेली वायर. आधी एक गाणं ऐकवलं, मग म्हणाला आता जोडतो, तोपर्यंत जरा चहा सांगता का. मी आत गेलो, दहा मिनिटांनी आलो तर तेच गाणं एकदम मऊ, "स" कुठं टोचत नाही. बाबा म्हणाले, "हां, आता बरं वाटतंय." ते ऐकलं आणि मी कपाटातनं १८,५०० रोख काढून दिले. बिल मागितलं तर म्हणाला व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो. आणि जाताना दोन गोष्टी बजावल्या, डबा उघडायचा नाही, वॉरंटी जाईल, आणि ३०० तासांचं बर्न-इन (वाजवून वाजवून वस्तू मुरणं) होईपर्यंत तक्रार करायची नाही. रोज दोन तास ऐकलं तरी ३०० तासांना पाच महिने लागतात, हा हिशोब मी नंतर केला. तोपर्यंत कोण कुणाला शोधणार?

तीन आठवड्यांनी मुलीनं धूळ पुसताना अ‍ॅम्पचं "डायरेक्ट" बटण दाबलं आणि सगळी चरचर परत. डबे जागेवरच होते की! मग ट्यूब पेटली. डायरेक्ट चालू असलं की बास-ट्रेबलचे नॉब बायपास होतात, आणि मी ते कायम चालूच ठेवायचो, त्यामुळं नॉबकडं बघायची सवयच नव्हती. त्यानं मी आत गेल्यावर डायरेक्ट बंद केलं होतं आणि ट्रेबलचा नॉब घड्याळाच्या बाराच्या जागेवरनं नऊच्या जागेवर आणून ठेवला होता. एवढंच. मी डबे काढले, जुनी वायर लावली, नॉब तसाच ठेवला, बाबांना पाठ करून बसवलं आणि अदलाबदल करत सहा वेळा ऐकवलं, त्यांना काहीही फरक सांगता आला नाही.

दुसऱ्या दिवशी डबे घेऊन लक्ष्मीपुरीत रिपेअरवाल्या मामांकडं. त्यांनी मल्टिमीटर लावला, इकडनं तिकडं सरळ पीं. पण नुसत्या पींवरनं खात्री होत नाही, आत कॉइल असली तरी मीटर पीं करतो. मग करवतीनं कापला. आत एका टर्मिनलवरनं दुसऱ्यावर गेलेली साधी वायर, आणि बाकी वाळू, वरनं इपॉक्सी (दगडासारखा घट्ट होणारा गोंद) ओतलेलं. मामांनी ती वाळू माझ्या तळहातावर ओतली तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं, बाबांच्या नावानं घेतलेले पैसे होते हो ते.

वायरचंही मामांनी समजावलं. २.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर, तीन मीटर, जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ०.०४ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढं त्यानं ट्रेबल कमी-जास्त होणार नाही, चांदी लावा नाहीतर सोनं.

खरा इलाज त्यांनीच करून दिला. ट्विटरला १.५ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि ३३ ओहमचा पॅरलल, याला एल-पॅड म्हणतात, ट्रेबल जवळजवळ २ डेसिबल खाली येतो. दोन्ही स्पीकरचे पार्ट मिळून शंभर-सव्वाशे रुपये. शिवाय काचेला जाड पडदा, खाली सतरंजी, आणि समोरच्या भिंतीवर आजीचं घोंगडं टांगलं. स्पीकर आधी थेट आमच्या तोंडावर रोखलेले होते ते सरळ केले, कारण ट्विटरच्या अगदी समोर बसलं की ट्रेबल सगळ्यात जास्त लागतो. निम्मं काम तर एकट्या घोंगड्या-पडद्यानंच झालं असं माझं मत, म्हणून आधी तेच करून बघा, ते फुकटात होतं.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला तुम्ही डबा उघडला, वॉरंटी संपली, आणि ब्लॉक केलं. बिल नाही, रोख दिलेले, ग्राहक आयोगात जायचं तर दाखवू काय? कापलेले डबे आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज तेवढे जपून ठेवलेत.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या मित्राचा फोन आला, तसलाच एकजण डबे घेऊन येतोय, २२ हजार म्हणतोय. मी म्हटलं, अ‍ॅम्पजवळनं उठू नको, नॉबचे आधी फोटो काढून ठेव, आणि डब्याला त्याच्यासमोर मल्टिमीटर लाव. मित्रानं मीटर टेबलावर काढून ठेवला होता. तो आला, मीटर बघितला, बॅग उघडलीच नाही, दुसरीकडं अर्जंट जायचंय म्हणून पाणी न पिता निघून गेला.