श्रीलंकेचं यादवी युद्ध: राजकीय कारण की आर्थिक?

भाचीला निबंधात एकच बाजू मांडायची आहे: श्रीलंकेचं सरकार आणि वेगळं राष्ट्र मागणारे तमिळ बंडखोर यांच्यातलं १९८३ ते २००९ चं युद्ध राजकारणातून पेटलं की अर्थकारणातून? मी दोन्ही बाजूंना दोनच प्रश्न विचारले.

तमिळांचा लढा वेगळ्या राष्ट्रासाठीच का झाला? इथे आर्थिक बाजू लंगडी पडते. सुशिक्षित बेकारी बहुसंख्य सिंहलींच्या दक्षिणेतही होती. तिथल्या सिंहली तरुणांनी १९७१ मध्ये बंड केलं, पण ते सत्ता उलथवण्यासाठी. तमिळांच्या वाट्याला मात्र १९५६ चा ‘फक्त सिंहली’ भाषा कायदा आला, तमिळ भागांना काही स्वायत्तता देऊ करणारा, पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांचा १९५७ चा करार पुढच्याच वर्षी मोडला गेला आणि १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. या सगळ्यात दिलेला शब्द मोडणं मला सर्वांत घातक वाटतं.

तरुणच का पेटले? याचं उत्तर अर्थकारणाकडे. उत्तरेकडच्या तमिळबहुल, कोरड्या जाफनाला सरकारी नोकरीचा मोठा आधार होता. भाषेच्या अटीने तो सुटत गेला. सत्तरच्या दशकात ‘प्रमाणीकरण’ आलं आणि विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ मुलांना जास्त गुण लागू लागले.

वेगळ्या राज्याची मागणी उलगडायची असेल तर राजकीय बाजू घे; विशीतली पोरं बंदुकीकडे का वळली हे सांगायचं असेल तर आर्थिक.