पेटंट नव्हतंच, आणि मी दावा ठोकायला निघालो होतो

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. नवरात्रात गरब्याचं लाइव्ह करतो. तीन नवरात्रांपूर्वी ऐन रंगात गायिकेचा चेहरा स्क्रीनवर फुटला, चौकडे चौकडे झाले. फोनवर फोन. चित्राचा दर्जा तपासणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरला मात्र सगळं ठीक, कारण ते अख्ख्या चित्राची सरासरी काढतं आणि बाकीचं मैदान झकास दिसत होतं.

भाच्याने तोड काढली. आपल्या डोळ्याला एका वेळी जेमतेम दोन अंशांचा भाग स्वच्छ दिसतो. मग नजर जिथे जाणार, म्हणजे चेहरा, टाळी देणारे हात, तिथला बिघाड जास्त वजनाने मोजायचा. "मामा, याचं पेटंट घेऊ."

ओळखीतून एक 'पेटंटवाला' आला. ४५,००० घेतले, दहा दिवसांत अर्ज क्रमांकाचा कागद आणून दिला. मी पेढे वाटले आणि कागद फ्रेम करून गल्ल्यामागे लावला.

तो अर्ज होता प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता. १२ महिन्यांत संपूर्ण तपशील दिला नाही तर अर्ज सोडून दिला असं कायदाच धरतो. याने तो दिलाच नाही. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला कलम ३(के)खाली पेटंट मिळत नाही, हेही कधी बोलला नाही.

दीड वर्षाने तोच माणूस अमेरिकेतल्या एका पेटंटची प्रिंट घेऊन हजर. प्रेक्षक जिथे बघतो तिथली चूक पकडायची, हुबेहूब आमचंच. "काका, तमारो आयडिया चोरी गया! दावो करीए, पाकुं समजो." करोडोंच्या समझोत्याच्या गोष्टी. नोटिशीसाठी मी ६०,००० मोजले. वर शेव-उसळही माझ्याच खर्चाने! लोभ होता, खोटं कशाला बोलू.

रात्री भाच्याने ती प्रिंट उघडली. पहिल्याच पानावर अर्जाची तारीख होती, आमच्या सहा वर्षं आधीची. चोरी कसली, उलट तेच आम्हाला आडवं आलं असतं. शिवाय भारतातलं पेटंट भारतापुरतंच. अमेरिकेत त्यावर दावा कसला लावणार?

मग शोधाशोध. नोंदणीकृत एजंटांची यादी पेटंट कार्यालयाच्या साइटवर असते, प्रत्येकाचा 'आयएन/पीए'ने सुरू होणारा नंबर असतो. हा त्यात नव्हताच. पाच मिनिटांचं काम, पण आम्ही आधी केलं नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, त्याचा फोन बंद आहे.

एका खऱ्या एजंटबाईंना दुकानात बोलावलं. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "ही फीची पावती का लावलीय?" काचेमागे रक्कम छापलेली होती. १,६०० रुपये.