दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणारी आमच्याकडची शुक्रवारची मंडळी: अनुभव आणि मत

दारव्हा तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की पत्र्याचं छप्पर असलेलं एक लहान ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. दर शुक्रवारी तिथे उपास-प्रार्थना होते आणि तिचा मोठा भाग दुसऱ्यांसाठी मध्यस्थी करण्यात, म्हणजे त्यांच्या वतीनं देवाजवळ मागण्यात जातो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथल्या वहीत ज्यांची दुखणी आहेत ती माणसं ओळखू येतील. पण अशी सेवा आता गावोगावी आहे, फोनवर आहे, टीव्हीवर आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. कुठे जावं आणि जाताना काय बघावं, हे लोक मला विचारतात, म्हणून लिहिते. मी मिशनच्या दवाखान्यात सिस्टर, म्हणजे नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यावर गावी आले. तेव्हा माझी नजर थोडी दवाखान्याची आहे, हे धरून वाचा.

आधी तिथे काय होतं ते सांगते. साधारण अकराला लोक जमतात. सतरंजी, एक ढोलकी, खंजिरी, दोन भजनं. मग पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, एक लांब रजिस्टर उघडतात. त्यात चार रकाने आखलेले आहेत: कोणासाठी, काय मागणं, कोणी सांगितलं, आणि चौथा रकाना ‘पुन्हा विचारलं’. या चौथ्या रकान्यासाठी मी ही सेवा इतरांपेक्षा वर ठेवते. प्रत्येक नावापुढे कोणीतरी आपलं नाव देतं आणि पुढच्या शुक्रवारच्या आत त्या घरी जाऊन येतं. ताप उतरला का, पोराचा पुण्याहून फोन आला का, पीक विम्याचे पैसे जमा झाले का, हे विचारून येतं. रकाना रिकामा दिसला की पाळक सगळ्यांसमोर विचारतात, “कोणी गेलं नाही का?” त्यांच्या या प्रश्नाला तिथे धाक आहे.

मागणी कसली असतात म्हणाल, तर जगण्यातली सगळी. मुलीचं जमत नाही. सोयाबीन पिवळं पडलं. सावकाराचा तगादा. सिकलसेलच्या लेकराला पुन्हा कळा सुरू झाल्या. नवरा पितो. दहावीचा गणिताचा पेपर. सरपंच, तलाठी, कलेक्टर यांच्यासाठीही नेमानं प्रार्थना होते, कारण बायबलात पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगितलं आहे. ज्या तलाठ्याच्या नावानं आठवडाभर बोटं मोडली त्याच्या घरच्या आजारपणासाठी शुक्रवारी डोळे मिटून मागायचं, हे सोपं नाही. मी ते होताना पाहिलं आहे आणि त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे.

तिथल्या एका आजींची प्रार्थना ऐकावी. शाळेत गेल्या नाहीत, पण मागणं नेमकं. दारू सोडू पाहणाऱ्या एका पोरासाठी त्या म्हणाल्या, “देवा, त्याले सकाळी उठून आंग धुऊन कामावर जायचं बळ दे. अन् त्या दुकानासमोरून जाताना त्याचे पाय थांबू देऊ नको. रोजी भेटली की सिधा घरी आन.” मोठमोठे शब्द नाहीत. त्या दुकानाचा रस्ता त्यांना माहीत आहे, पोराला रोजी कोणत्या वारी मिळते तेही माहीत आहे. एखाद्यासाठी प्रार्थना करायची तर त्याचा दिवस कसा जातो हे ठाऊक पाहिजे, असं मला त्यांच्यामुळे पटलं.

आता फवारणीची गोष्ट. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्या वर्षापासून पावसाळा उतरायला लागला की वहीत ‘फवारणीवाले’ अशी एक ओळच असते. मागे एका शुक्रवारी प्रार्थना चालू असताना तांड्यावरची एक बाई धावत आली. ती ख्रिस्ती नव्हती, कधी दारातही आली नव्हती. “बाई, पोरगं फवारून आलं अन् वावरातच पडलं. काहीतरी करा व माय!” पाळकांनी पहिला प्रश्न केला तो दवाखान्याचा. “गाडीच नाय भेटून रायली,” ती म्हणाली. तरण्या पोरांपैकी दोघं मोटारसायकल घेऊन निघाले, एकानं ओळखीची जीप बोलावली. मी त्या पोराचे कपडे काढून अंग साबणानं धुवायला लावलं, औषधाचा डबा सोबत द्यायला सांगितला, म्हणजे डॉक्टरांना विष कोणतं ते कळेल. जीप यवतमाळकडे गेली आणि बाकीचे परत सतरंजीवर बसले. त्या दिवशी उपास संध्याकाळपर्यंत लांबला.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून छप्पर उकलतात आणि त्याला खाली सोडतात. येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं तिथे लिहिलं आहे. आजारी माणूस त्या प्रसंगात एक शब्दही मागत नाही. मागणारे, उचलणारे, छपरावर चढणारे सगळे दुसरे. मध्यस्थी म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी हा अध्याय वाचायला सांगते. फवारणीवाला तो पोरगा वाचला. डॉक्टरांनी वाचवला, वेळेवर पोचला म्हणून वाचला, आणि देवानं ऐकलं असंही मी मानते. यातलं एक म्हटलं की दुसरं खोडलं जातं असं मला कधी वाटलं नाही.

वाचले नाहीत त्यांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे लिहिणं अर्धं राहील. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेली, खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेला एक माणूस होता, पन्नाशीच्या आतला. नागपूरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात उपचार झाले. इकडे प्रत्येक शुक्रवारी त्याचं नाव घेतलं जाई. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या जाणत्या माणसांनी, घरी जाऊन तेल लावून प्रार्थना केली. तो गेला. पुढच्या शुक्रवारी त्याचं नाव कोणी खोडलं नाही. त्याखाली त्याच्या बायकोचं आणि दोन लेकरांचं नाव लिहिलं, आणि चौथा रकाना चालू राहिला. कोणी तिच्यासोबत तहसीलला जाऊन निराधार योजनेचा अर्ज भरला, कोणी कापूस वेचायला हात दिला. “तुमचा विश्वास कमी पडला” असं तिला कोणी म्हटलं नाही, आणि याबद्दल मी या मंडळीला सगळ्यात जास्त मान देते. हे वाक्य मी दुसरीकडे ऐकलं आहे. मेलेल्याच्या घरात उभं राहून कोणी ते बोलत असेल तर तिथे पुन्हा पाऊल टाकू नका.

माझा भाचा शिकलेला आहे. त्यानं मला 2006 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास दाखवला. हृदयाची बायपास झालेल्या 1802 रुग्णांचे तीन गट केले होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण खात्रीनं सांगितलं नव्हतं त्यांच्यात 52 टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात 51 टक्क्यांना. आणि तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे असं पक्कं सांगितलेल्यांत 59 टक्क्यांना. म्हणजे उपयोग दिसला नाहीच. मी आकडे दोनदा वाचले. आकडे खोटे म्हणणार नाही, नर्सनं तसं म्हणूही नये. पण प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर एवढंच दिलं होतं, आणि ठरवून दिलेलं एक वाक्य चौदा दिवस म्हणायचं होतं. त्यांनी त्या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याच्या बायकोला चहा पाजला नव्हता. आमच्याकडे शुक्रवारी जे होतं ते वेगळं आहे. त्यानं टक्के बदलतात असा दावा मी करत नाही. पण टक्के बदलावेत म्हणून मी तिथे जात नाही. पेत्र या आपल्या शिष्यासाठी खुद्द येशूनं प्रार्थना केली होती, लूकाच्या 22 व्या अध्यायात तसं आहे. तरी पेत्रानं त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं. पेत्र पडला, पण सुटला नाही, परत आला. मी दुसऱ्यांसाठी मागते तेव्हा हा पेत्र माझ्या डोळ्यांसमोर असतो.

फोनवरच्या सेवेशी तुलना करायला हवी, कारण गावात आता तीच जास्त चालते. माझ्या नणंदेनं टीव्हीवर नंबर बघून एका मोठ्या शहरातल्या प्रार्थना-सेवेला फोन लावला होता. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात नाव विचारलं, भराभर प्रार्थना म्हटली, त्यात नणंदेच्या मुलाचं नाव चुकीचं घेतलं आणि शेवटी विश्वासाचं दान कुठे पाठवायचं ते सांगितलं. मग रोज मेसेज, त्यात पैशाचा क्यूआर कोड. मुलगा कसा आहे, हे विचारायला एकही फोन आला नाही. रात्री दोन वाजता एकटं वाटलं तर कोणाचा तरी आवाज ऐकू येतो, एवढा त्या सेवेचा गुण मी मान्य करते. पण दान मागितलं की फोन ठेवा. आमच्या मंडळीत शुक्रवारी दानपेटी कपाटात कुलपात असते. विनंती सांगायला आलेल्या माणसासमोर ती दिसूही नये, असा पाळकांचा नियम आहे.

आणि गोळ्या. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या, एका सभेत मिरगीच्या पोरीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या, पोरीला लागोपाठ झटके आले. अशी चिठ्ठी कोणी तोंडी दिली तरी मानू नका. आमचे पाळक प्रार्थना संपली की विचारतात, “गोळी घेतली नं बाई सकाळची?” बीपीचं मशीन आता मंदिरातच ठेवलं आहे.

उणीव नाही असं नाही. पहिली आणि गंभीर म्हणजे ती वही. ती टेबलावर उघडी पडलेली असते. एका मुलीची गोष्ट, जी फक्त देवासमोर जायला हवी होती, ती आठवड्याच्या बाजारापर्यंत गेली. ‘प्रार्थनेसाठी सांगते’ म्हणून सुरू होणारी कुजबुज मी दवाखान्यातही पुष्कळ पाहिली, आणि ती आजाऱ्याला औषधाच्या कडूपणापेक्षा जास्त लागते. वही कुलपात हवी, आणि मोठ्यानं वाचायचं की नाही हे सांगणाऱ्याला आधी विचारायला हवं. मी हे वडिलांच्या बैठकीत बोलले आहे. आता नाजूक गोष्टींपुढे नुसती फुली मारतात; ‘फुलीवाले’ म्हटलं की सगळे थोडा वेळ गप्प बसून प्रार्थना करतात. काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्यानं मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. ही सुधारणा मला मनापासून आवडली. वहीला कुलूप मात्र अजून लागलेलं नाही.

दुसरी उणीव वेळेची. वेचणीच्या दिवसांत अकरा वाजता कोणती मजूर बाई येईल? ज्यांना गरज जास्त त्याच येऊ शकत नाहीत. संध्याकाळी साडेसातला एक बैठक ठेवली तर गर्दी होईल. तिसरी, तो माइक. वीस माणसांच्या खोलीत माइकवरून प्रार्थना कशाला? आजींचा आवाज त्यात फाटतो आणि शेजारच्या घरातल्या अभ्यास करणाऱ्या पोरांना त्रास होतो.

एक गोष्ट माहितीसाठी. वारलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी प्रार्थना इथे होत नाही, ही प्रोटेस्टंट मंडळी आहे. मागे राहिलेल्यांसाठी होते. कॅथलिक घरातून आलेल्या एका वहिनींना ते लागलं होतं. त्यांनी आपल्या चर्चमध्ये फादरांना मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, अर्पण करायला सांगावं, दोन नोव्हेंबरला तर त्यांच्याकडे सगळ्या मृतांचं स्मरण असतंच. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मात्र महिलांचा जागतिक प्रार्थना दिवस असतो, तेव्हा त्या वहिनी आणि आमच्या आजी एकाच सतरंजीवर असतात.

पाचपैकी चार गुण देते. वहीला कुलूप लागलं आणि संध्याकाळची बैठक सुरू झाली की पाच. धर्म कोणता हे कोणी विचारत नाही, नाव आणि गाव विचारतात. विनंती सांगायला गेलात तर आजार नीट सांगा, कोणत्या दवाखान्यात दाखवलं ते सांगा, मोठ्यानं वाचायचं की फुली मारायची तेही आधीच सांगा. आणि घरी कोण कधी असतं ते सांगून ठेवा, कारण बुधवार-गुरुवारपर्यंत कोणीतरी विचारायला येईल.