लिनक्सवर उघडी पोर्ट पाहायला एसएस (ss) की नेटस्टॅट (netstat)?

फोंडा-म्हापशाच्या लॅबमध्ये सायबर सुरक्षा शिकणाऱ्यांनी या दोन कमांडपैकी हात एसएसवरच बसवावा. ते नेटलिंक या अंतर्गत वाटेने थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला विचारते. हजारो सॉकेट (जोडण्यांची टोके) असले तरी उत्तर झटपट. नेटस्टॅट प्रोक (/proc) फोल्डरखालच्या फाइली वाचत रेंगाळते आणि २०१७ च्या डेबियन ९ या लिनक्स आवृत्तीपासून आपोआप बसतही नाही. जुन्या सर्व्हरवर मात्र तेच सापडेल, म्हणून ओळख हवीच.

टी (टीसीपी), यू (यूडीपी), एल (ऐकणारी पोर्ट), पी (प्रोसेस), एन (नावांऐवजी आकडे) हे पर्याय दोन्हींत चालतात. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) विसरलात तर इतरांच्या प्रोसेसची नावे दिसत नाहीत. चालू जोडण्या बघताना एन गाळले, तर नेटस्टॅट पत्त्यांची नावे डीएनएसला (पत्ते-नावे जुळवणाऱ्या सेवेला) विचारत अडकते.

०.०.०.० म्हणजे सेवा सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर ऐकतेय, १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच मशीनपुरती. रूटकिटची (यंत्रात लपून माहिती दडवणाऱ्या घातक सॉफ्टवेअरची) शंका आली तर दोन्हींवर विसंबू नका, शेजारच्या मशीनवरून एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने ताडून पाहा.