ऑनलाइन बुटीक की डेथस्टारबेंच?

कुबरनेटिसवर (अनेक मशीनवर सेवा चालवणारी प्रणाली) पहिल्यांदाच हात बसवायचा असेल, तर गूगलचं ऑनलाइन बुटीक घ्या; हे छोट्या छोट्या सेवांनी बनलेलं नमुना दुकान आहे. एक मॅनिफेस्ट (काय चालवायचं ते सांगणारी फाइल) लावलं की लोकस्ट या साधनाच्या, खोटे वापरकर्ते बनून भार टाकणाऱ्या लोड जनरेटरसकट ११ सेवा उभ्या राहतात.

कॉर्नेल विद्यापीठातून २०१९ साली आलेल्या डेथस्टारबेंच या चाचणी-संचातलं सोशल नेटवर्क हे नमुना ॲप जास्त कष्ट मागतं: मोंगोडीबी, रेडिस, मेमकॅश्ड ही डेटा साठवणारी साधनं, वर चाचणीआधी वापरकर्त्यांचं जाळंही भरावं लागतं. तरी मोजमापासाठी माझं मत त्यालाच. लोकस्टचा वापरकर्ता उत्तर येईपर्यंत थांबतो; क्लस्टर (सेवा चालवणाऱ्या मशीनचा गट) गुदमरला की भारही आपोआप उतरतो आणि पी९९चा आकडा (९९ टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात तो) खरा त्रास लपवतो. डेथस्टारबेंचसोबतचं डब्ल्यूआरके२ हे भार टाकणारं साधन विनंत्यांचा ठरलेला दर सोडत नाही, रांगेत गेलेला वेळही धरतं. फक्त ते वेगळ्या मशीनवरून चालवा, नाहीतर सेवांच्या वाट्याचा सीपीयू तेच खाईल.