सामाजिक जबाबदारीच्या परिषदेत गेलेले माझे चोवीस हजार

आधी आकडा सांगून टाकते: २४,०३० रुपये. त्यातले १०,०३० नोंदणीचे, १४,००० पेपर (शोधनिबंध) छापून आणण्याचे. गेले कुठे, तर 'कॉर्पोरेट सामाजिक जबाबदारी आणि शाश्वत विकास' या विषयावरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत, अंधेरीला. आणि मी वीस वर्षं कॉमर्सच्या मुलांना व्यवसायनीती शिकवते. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या.

प्राध्यापकपदाच्या बढतीचा फॉर्म भरायचा होता. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे कॉलेजातल्या सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक व्हायचं तर बाकीच्या अटींबरोबर संशोधनाचे ११० गुण लागतात. माझे १०६ झाले होते. राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला तर ३ गुण, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला तर ५. म्हणजे राष्ट्रीय परिषद करून १०९ वर अडकले असते. 'आंतरराष्ट्रीय' या एका शब्दाची किंमत दोन गुण आहे आणि हा हिशोब परिषदवाल्यांना आपल्यापेक्षा पक्का पाठ असतो.

ब्रोशर स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांचं ते रंगीत चक्र वर झळकत होतं. (हे चक्र संयुक्त राष्ट्रांच्या साइटवरून कुणालाही उतरवून घेता येतं, पण तेव्हा ते पाहून बरं वाटलं होतं.) खाली दोन परदेशी प्राध्यापकांचे फोटो, मुख्यालय लंडन, आयएसबीएनसह (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासह) प्रोसीडिंग्ज, म्हणजे परिषदेतल्या पेपरांचं पुस्तक, आणि निवडक पेपर 'स्कोपस-इंडेक्स्ड जर्नल'मध्ये, म्हणजे स्कोपस या जगभर मानल्या जाणाऱ्या यादीतल्या संशोधन-नियतकालिकात. विषयांच्या यादीत कंपनी कायद्याचं कलम १३५ होतं, सेबीचा बीआरएसआर (कंपन्यांच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा) अहवाल होता, हवामानबदल होता, मग योग, नर्सिंग, मत्स्यपालन आणि शेवटी 'इतर कोणताही संबंधित विषय'. ज्या परिषदेला सगळंच संबंधित, तिला कशाचंच सोयरसुतक नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं. सवलतीच्या फीला दोन दिवस उरले होते.

माझा पेपर खरा होता, हे मुद्दाम सांगते. कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या हे पैसे दारातल्या वस्तीवर खर्च करतात की लांब कुठे, ते मी त्यांच्या वार्षिक अहवालांतून शोधत होते. आठ महिने गेले होते त्यात. पाठवायच्या घाईत तिसऱ्या पानावर माझीच एक टीप तशीच राहून गेली, इंग्रजी पेपरात, लाल अक्षरांत, चक्क मराठीत: 'इथे बेलापूरचे आकडे पुन्हा बघणे.'

रात्री अकराला पेपर पाठवला. सकाळी नऊ वीसला उत्तर हजर. दोन तज्ज्ञांनी नाव न बघता तपासलं आहे, दर्जा उत्कृष्ट, एकही दुरुस्ती नको.

लाल ओळ मला त्याच दिवशी दिसली. 'एवढ्या पटकन तपासला?' असं ह्यांनीही विचारलं. 'आता सगळं ऑनलाइन असतं,' असं म्हणून मी दुपारी पैसे भरले. मला फसवलं हे खरंच, पण त्या दुपारी मला दिसत होतं आणि मी बघितलं नाही, हे कबूल करायला मला सहा महिने लागले. खोट्या परिषदेच्या खुणा सांगणारे लेख पुष्कळ आहेत, 'थिंक, चेक, अटेंड' नावाची साइटसुद्धा आहे. खुणा माहीत नसतात म्हणून आपण तिथे जात नाही. फॉर्मची तारीख जवळ आलेली असते म्हणून जातो.

परिषदेच्या दिवशी डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. हॉटेलच्या लॉबीत परिषदेचे पाच बोर्ड ओळीने उभे: आमचा, कृत्रिम बुद्धिमत्तेचा, नर्सिंगचा, फलोत्पादनाचा, शिक्षणशास्त्राचा. पाच आंतरराष्ट्रीय परिषदा आणि हॉल एकच. प्रत्येकाला सहा मिनिटं. माझ्या आधी नांदेडहून आलेल्या एका मुलीने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या जखमांवर पेपर वाचला, माझ्यानंतर एका गृहस्थांनी अळिंबीवर. नांदेडची पोर रात्रभर प्रवास करून आली होती, तिचं काम चांगलं होतं, आणि तिला प्रश्न विचारायला त्या हॉलमध्ये नर्सिंगचं दुसरं कुणी नव्हतं. मला तरी कुठे कुणी विचारला? अध्यक्षस्थानी बसलेले सर मोबाइल बघत होते. बीजभाषण पडद्यावर सुरू झालं, परदेशी प्राध्यापक चार मिनिटं बोलले आणि गोठले. आयोजक म्हणाले, नेटवर्क. नंतर मी त्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या पानावरून पत्ता काढून मेल केला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: ही परिषद कोणती ते मला ठाऊक नाही, ते भाषण दुसरीकडचं जुनं आहे. हा मेल पैसे भरायच्या आधी केला असता तर हेच फुकटात कळलं असतं.

शाश्वत विकासाच्या या सोहळ्यात प्रत्येक खुर्चीवर प्लास्टिकची छोटी बाटली होती. जेवण मात्र बरं होतं, नाही म्हणायचं कारण नाही.

जेवणानंतर प्रमाणपत्रं. ती सकाळपासूनच छापून गठ्ठ्याने टेबलावर ठेवलेली होती. माझ्यापुढच्या सरांनी एकट्याने अकरा घेतली. 'आमच्या विभागाची,' म्हणाले. बाकीचे दहा जण आपापल्या गावी वर्गात शिकवत असावेत, निदान अशी आशा. मग बॅनरसमोर फोटो आणि तीन वाजता हॉल मोकळा, कारण संध्याकाळी तिथे कुणाचं तरी रिसेप्शन होतं.

इथे थांबले असते तर दहा हजारांत सुटले असते. आठवड्याभराने फोन आला, 'मॅडम, तुमचा पेपर जर्नलसाठी निवडला गेलाय.' १४,००० भरले. लिंक आली, पेपर दिसला, त्यात ती लाल ओळही होती, आता काळ्या अक्षरांत. स्कोपसची यादी कुणालाही फुकट बघता येते, ती मी तेव्हा पहिल्यांदा उघडली. जर्नलचं नाव होतं, पण पुढे लिहिलं होतं की त्याची नोंद २०२० पर्यंतच होती. आणि आयएसबीएनचं म्हणाल तर आपल्याकडे तो सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. मजकूर चांगला की वाईट, हे तो नंबर देताना कुणी बघत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी सीए आहे. त्याला पावती पाठवली. तो म्हणाला, 'मॅडम, जीएसटी नंबर वाचलात का? पहिले दोन आकडे २७. म्हणजे तुमचं लंडन महाराष्ट्रातच आहे. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर पी आहे, म्हणजे हा पॅन एका व्यक्तीचा आहे. कंपनीचा असता तर सी असतं, ट्रस्टचा असता तर टी.' जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकल्यावर एका गृहस्थांचं नाव आलं आणि सेवांच्या रकान्यात इव्हेंट मॅनेजमेंट. ब्रोशरवर आयोजक म्हणून मिरवणारं 'ग्लोबल फाउंडेशन' म्हणजे एवढंच. दोन मिनिटांचं काम. मी अख्खं सेमिस्टर मुलांना कंपनी कशी ओळखायची ते शिकवते.

सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला. पैसे जाऊन पाच आठवडे झाले होते, आणि तिथे पहिल्या काही तासांत सांगितलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पण परिषद झाली ना? सर्टिफिकेट मिळालं ना?' यावर काय बोलणार? शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते.

तक्रारीला आणखी चारजण मिळाले तर बरं म्हणून हॉलमध्ये ज्यांचे नंबर घेतले होते त्यांना फोन केले. सातपैकी सातांनी नाही म्हटलं. एक मॅडम तर कळवळून म्हणाल्या, 'अगं, तू ओरडलीस तर आमची पण प्रमाणपत्रं रद्द होतील.' हा धंदा चालतो तो यावर. फसलेल्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये त्या फसवणुकीचा एक चकचकीत कागद असतो आणि तो कागद त्याला हवा असतो. खरं तर अशा परिषदांना आणि जर्नलांना गुणांसाठी धरू नका, असं यूजीसीने २०१९ च्या जूनमध्येच जाहीर केलंय. छाननी समितीने नीट बघितलं तर ते पाच गुण तसेही गेले असते. मी ते फॉर्ममधून काढले. बढती एक वर्ष पुढे गेली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात त्याच लोकांचं नवं ब्रोशर फिरत फिरत माझ्याकडे आलं. या वेळी हॉटेल वाशीचं, नाव थोडं बदललेलं, रंगीत चक्र तेच. आणि सल्लागार मंडळाच्या यादीत, दुसऱ्या ओळीत, बॅनरसमोर काढलेल्या फोटोतून कापून घेतलेला माझा चेहरा. खाली माझं नाव, कॉलेजसकट. नाव काढा म्हणून दोन मेल केले, एक रजिस्टर पत्र पाठवलं. कॉलेजलाही लेखी कळवलं. पत्र 'पत्ता अपुरा' म्हणून परत आलं. तुमच्यापैकी कुणाकडे ते ब्रोशर आलं असेल तर दुसऱ्या ओळीतली ती बाई मी आहे, आणि मी त्या मंडळावर नाही.